बाळाची खोली तयार करताना: बालदम्याचा धोका कमी करायचा तर कुठून सुरुवात करावी

घरात बाळ येणार म्हटलं की कामं निघतात. खोलीला रंग लागतो, नवं कपाट येतं, नवी गादी येते, छान वास यावा म्हणून काहीतरी लावलं जातं, आणि हवा शुद्ध हवी म्हणून एअर प्युरिफायरही येतो. यातल्या पहिल्या चार गोष्टी खोलीच्या हवेत काही ना काही सोडतात आणि पाचवी ते गाळायला धडपडते. बाल्कनीत सिगारेट ओढून तसाच आत येणाऱ्या माणसाला मात्र कोणी काही म्हणत नाही. दम्याच्या दृष्टीने पाहिलं तर या सगळ्यांत मोठा फरक त्याच्यामुळे पडतो.

धूर असो, वाफ असो, वास असो की धूळ, उपाय एकाच क्रमाने लावायचे. आधी ती गोष्ट घरातून काढा. निघत नसेल तर जिथे तयार होते तिथूनच तिला घराबाहेर घालवा. तेही होत नसेल तर ती आणि बाळ यांच्यामध्ये भिंत, दार, वेळ असं काहीतरी घाला. हवा गाळणं सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम उलटा लागतो, कारण यंत्र विकत आणणं सोपं आणि सासऱ्यांना सिगारेट बंद करा म्हणणं अवघड.

एवढ्या लवकर का?

फुप्फुसांचा आराखडा आईच्या पोटातच पक्का होतो. श्वासनलिकांना फुटणाऱ्या फांद्या गरोदरपणाच्या १६-१७ व्या आठवड्यापर्यंत फुटून झालेल्या असतात. पुढे त्या लांब-रुंद होतात, नव्याने फुटत नाहीत. वायुकोश, म्हणजे नळ्यांच्या टोकाशी असलेल्या हवेच्या बारीक पिशव्या, शेवटच्या आठवड्यांत तयार व्हायला लागतात आणि त्यातले बहुतेक जन्मानंतर, पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. म्हणजे बांधकाम चालू असतानाच धूर आत येतो, म्हणून त्याचा परिणाम टिकून राहतो.

दुसरं कारण नळीच्या आकारात आहे. नळीचा व्यास अर्धा झाला की हवेला होणारा अडथळा दुप्पट होऊन थांबत नाही, तो सुमारे सोळापट होतो. मोठ्या माणसाच्या मुख्य श्वासनलिकेला आतून १ मिलिमीटर सूज आली तर फारसं जाणवणार नाही. बाळाच्या ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सगळ्या बाजूंनी तेवढीच सूज आली तर मध्ये जेमतेम २ मिलिमीटर वाट उरते. शिवाय नवजात बाळ मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतं आणि मोठा माणूस १२ ते २०. एकाच खोलीत बसून बाळाच्या वाट्याला वजनाच्या मानाने कितीतरी जास्त हवा, आणि हवेतलं सगळं, जातं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. दमा एकाच कारणाने होत नाही. आई-वडिलांपैकी कोणाला दमा असणं, बाळाला एक्झिमा (खाजरा त्वचाविकार) असणं, लहानपणी झालेले विषाणूंचे संसर्ग, यांचा त्यात मोठा वाटा असतो. खालचं सगळं करूनही एखाद्या मुलाला दमा होतो आणि यातलं काहीच न करता दुसऱ्याला होत नाही. धोका कमी करणं एवढंच आपल्या हातात आहे. मुलाला दमा झाला म्हणून आईला बोल लावायचं तर मुळीच कारण नाही.

तंबाखूचा धूर: इथेच सगळ्यात जास्त ताकद खर्च करा

जन्माआधी किंवा जन्मानंतर बाळ धुराच्या संपर्कात असेल तर छातीत सुईं-सुईं वाजण्याचा धोका ३० ते ७० टक्क्यांनी आणि दम्याचा धोका २१ ते ८५ टक्क्यांनी वाढतो, असा अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्याचा २०१२ मधला निष्कर्ष आहे. उलट बाजूचा पुरावाही आहे. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ मध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. त्याआधी दम्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या दरवर्षी सरासरी ५.२ टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती वर्षाला सरासरी १८.२ टक्क्यांनी उतरू लागली. धूर कमी केल्याचा गुण यायला एक पिढी थांबावं लागत नाही.

घरात नियम एकच ठेवा: घरात नाही, गाडीत नाही, बाळ तिथे नसतानाही नाही. "खिडकी उघडून ओढतो", "एक्झॉस्टखाली ओढतो", "दुसऱ्या खोलीत ओढतो" या तिन्ही तडजोडी फसतात. सिगारेटचा बराचसा धूर ओढला जातच नाही, तो पेटत्या टोकातून थेट खोलीत जातो. तो दाराच्या फटींतून फिरतो, पडद्यांत, सोफ्यात, भिंतींवर मुरतो आणि पुढे महिनोन् महिने थोडाथोडा बाहेर पडत राहतो. रांगणारं बाळ ज्या फरशीवर हात टेकतं, तोच हात तोंडात घालतं. भिंतींवर बसलेल्या निकोटिनची घरातल्या हवेतल्या नायट्रस ॲसिडशी क्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन्स तयार होतात, आणि हे नायट्रस ॲसिड गॅसच्या ज्योतीतूनही येतं. त्यामुळे आधी धूम्रपान होत असलेल्या घरात राहायला जाणार असाल तर नुसता रंग मारून भागत नाही. गालिचे, जुने पडदे, आधीच्या गाद्या काढून टाका, भिंती आणि कपाटांचे आतले भाग डिटर्जंटच्या पाण्याने दोनदा पुसा, आणि मगच रंगाचा विचार करा.

ज्याला सिगारेट सोडणं अजून जमलेलं नाही, त्याच्यासाठी शिस्त अशी. ओढायची ती घराबाहेर, दार-खिडक्यांपासून चांगलं दूर जाऊन. त्या वेळी अंगावर एक वेगळा शर्ट किंवा जॅकेट घालायचं आणि ते बाहेरच टांगून ठेवायचं. शेवटच्या झुरक्यानंतरही मिनिटभर तरी श्वासातून धूर पडत असतो, त्यामुळे लगेच आत यायचं नाही, पाच-दहा मिनिटं बाहेरच थांबायचं. आत आल्यावर हात कोपरापर्यंत आणि तोंड साबणाने धुवायचं. दाढी असेल तर तीही, कारण खांद्यावर घेतलेल्या बाळाचं नाक नेमकं तिथेच टेकतं. एवढं सगळं करूनही हा दुय्यम उपाय आहे, हे त्याला सांगून ठेवा. निकोटिनच्या गोळ्या, गम, पॅच यांनी सुटायला मदत होते. गरोदर स्त्रीने मात्र ते डॉक्टरांना विचारूनच वापरावेत.

ई-सिगारेटमधून "नुसती वाफ" येते हा समज घातक आहे. निकोटिन वारेतून बाळापर्यंत पोचतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत गरोदरपणी नुसतं निकोटिन दिलं तरी पिल्लांच्या फुप्फुसांची जडणघडण बदललेली दिसली आहे. त्याच कारणाने चघळायची तंबाखूही गरोदरपणात निरुपद्रवी नाही. आईची सिगारेट सुटत नसेल तरी अंगावर पाजणं थांबवू नका, आईच्या दुधाने लहानपणची छातीची दुखणी कमी होतात. फक्त ओढायची ती पाजून झाल्यावर लगेच, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत दुधातलं निकोटिन बरंच उतरलेलं असतं.

घरातल्यांच्या शब्दावर विसंबायचं नसेल तर बाळाच्या लघवीत कोटिनिन तपासता येतं. निकोटिनपासून शरीरात तयार होणारा हा पदार्थ मागच्या काही दिवसांतला संपर्क दाखवतो. पाहुणे, सांभाळायला येणारी व्यक्ती, आजी-आजोबा या सगळ्यांना नियम आधीच, बाळ यायच्या आधी सांगा. बाळ मांडीवर असताना सांगितलं की समोरच्याला अपमान वाटतो.

स्वयंपाकघर

गॅसची ज्योत नायट्रोजन डायऑक्साइड हा श्वासनलिकांना त्रास देणारा वायू तयार करते, आणि तळण-परतण कुठल्याही शेगडीवर केलं तरी सूक्ष्म कण उडतात. इंडक्शनवर गेलात तर पहिला प्रश्न सुटतो, दुसरा तसाच राहतो. लाकूड, कोळसा, शेणी असं काही जळत असेल तर बाकी सगळं सोडून आधी ते बदला. बदलणं आज शक्य नसेल तर शेगडीला छपराबाहेर निघणारं धुराडं लावा आणि चूल पेटवण्याच्या-विझवण्याच्या वेळी बाळ तिथे नको, तेव्हाच सर्वात जास्त धूर होतो.

चिमणी बसवलेली असते, पण ती काय करते हे फारसं कोणी पाहत नाही. दोन तपासण्या करा. चिमणी चालू करून टिश्यू पेपरचा एक पातळ पदर जाळीला लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. गळून पडला तर जाळी तेलाने तुंबलेली आहे किंवा नळी चेपलेली आहे. मग घराबाहेर जाऊन नळीच्या तोंडाशी हात धरा, हवा लागते का पाहा. नळीच नसेल, म्हणजे चिमणी हवा कोळशाच्या गाळणीतून फिरवून परत स्वयंपाकघरातच सोडत असेल, तर तिच्याकडून वायू बाहेर जाण्याची अपेक्षा ठेवू नका. तेल अडतं, नायट्रोजन डायऑक्साइड अडत नाही.

वापरातही तीन चुका हमखास होतात. चिमणी धूर दिसल्यावर लावली जाते. ती शेगडी पेटवण्याआधी मिनिटभर लावा आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. तळणीची कढई पुढच्या बर्नरवर असते; ती मागच्या बर्नरवर ठेवा, तिथला धूर चिमणी जास्त पकडते. आणि घराची सगळी दारं-खिडक्या घट्ट बंद असतात, मग चिमणीला ओढायला हवाच मिळत नाही. समोरच्या बाजूची एखादी खिडकी बोटभर उघडी ठेवा. घरातच गॅस गीझर असेल तर हे फारच महत्त्वाचं आहे. चिमणी हवेसाठी हपापली की ती गीझरच्या नळीतून जळलेला वायू उलटा घरात ओढू शकते, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो.

एवढं करूनही, एका कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात झारा, हे चित्र टाळाच. कढईतून उठणारा धूर चिमणीपर्यंत पोचायच्या आधी बाळाच्या नाकावरून जातो. फोडणीच्या दहा मिनिटांपुरतं बाळ दार लावलेल्या दुसऱ्या खोलीत असू द्या.

डास पळवायची कॉइल, उदबत्ती, धूप, सुगंधी मेणबत्ती यांच्याबद्दल थोडक्यात: जळतं ते सगळं धूर करतं. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुरातल्या कणांएवढे भरतात, असं २००३ च्या एका मोजमापात आढळलं. बंद खोलीत, रात्रभर, पाळण्याखाली. मच्छरदाणीला पर्याय शोधत बसू नका.

रंग, कपाट, गादी

इथे सगळं वेळेच्या गणितावर आहे. रंगातले आणि पॉलिशमधले द्रावक पहिल्या काही दिवसांत भरपूर उडतात, मग आठवड्यागणिक कमी होतात. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांच्या चिकटवणीतलं फॉर्माल्डिहाइड (नाका-डोळ्यांना झोंबणारा वायू) मात्र महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं येत राहतं, आणि उष्णता-दमटपणा वाढला की जास्त येतं. म्हणून बाळंतपणाच्या अंदाजित तारखेपासून मागे मोजा. सुतारकाम आणि रंगकाम निदान दोन महिने आधी संपलेलं असू द्या, त्याहून आधी जमलं तर उत्तमच. काम चालू असताना आणि नंतरचे काही दिवस गरोदर स्त्रीने त्या घरात झोपू नये. मग रोज खिडक्या समोरासमोर उघडून वारा खेळू द्या आणि कपाटांची दारं, खणही उघडे ठेवा. कपाट बंद ठेवून खोली उघडी ठेवली तर सगळं आतच साठतं, आणि मग बाळाचे धुतलेले कपडे नेमके त्यातच ठेवले जातात.

खरेदी करताना "वास नाही" असं लिहिलेलं पाहू नका, बाष्पनशील द्रव्यं किती ग्रॅम प्रतिलिटर ते पाहा. वास दाबणारं द्रव्य घातलेला रंगही बिनवासाचाच असतो. बोर्ड घेताना फॉर्माल्डिहाइडच्या ई-१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाची प्रत विचारा आणि कापलेल्या कडा उघड्या सोडू देऊ नका. सगळ्यात जास्त वायू पृष्ठभागातून येत नाही, कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून येतो. पाठीमागची बाजू बिनलॅमिनेटची ठेवून पैसे वाचवले जातात, ती भिंतीला लागून असली तरी श्वास खोलीतच सोडते. घरात सुस्थितीतला जुना, भरीव लाकडाचा पाळणा किंवा कपाट असेल तर तेच वापरा. त्यातून उडायचं ते कधीच उडून गेलेलं असतं. जुना रंग कोरडा घासून काढू नका, त्यात शिसं असू शकतं. पृष्ठभाग ओला करूनच खरवडा.

फरशी पुसायला काय वापरता?

कॅनडातल्या चाइल्ड या दीर्घकालीन अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. बाळ तीन-चार महिन्यांचं असताना ज्या घरांत सफाईची रसायनं जास्त वापरली जात होती, तिथल्या मुलांमध्ये तिसऱ्या वर्षी दम्याचं निदान जास्त आढळलं. सुगंधी आणि फवारायच्या उत्पादनांशी हा संबंध जास्त दिसला. हा संबंध म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, पण बदल इतका स्वस्त आहे की वाट पाहण्यात अर्थ नाही.

रोजच्या फरशीला साधं साबणाचं पाणी आणि पिळलेलं फडकं पुरे. फवारा मारायची सवय असेल तर तेच द्रव फडक्यावर ओता. फवाऱ्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि छातीत जातात, ओतलेलं द्रव जात नाही. लिंबू किंवा पाइनच्या वासाची उत्पादनं टाळा. त्यातली वासाची द्रव्यं हवेतल्या ओझोनशी भिडून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतात. ज्याला आपण "स्वच्छतेचा वास" म्हणतो तो रसायनाचा वास असतो, स्वच्छ फरशीला वास नसतो.

ब्लीच लागणारच असेल, समजा कोणाला जुलाब-उलट्या झाल्या आहेत, तर बाळाला दुसऱ्या खोलीत न्या, खिडकी उघडा, बाटलीवर सांगितलं आहे तेवढंच पातळ करा, नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या, आणि वास पूर्ण गेल्यावरच बाळाला आत आणा. ब्लीच आणि शौचालय साफ करायचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरिन वायू निघतो, ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. दोन्ही श्वासनलिका जाळतात. बहुतेक अपघात मुद्दाम मिसळून होत नाहीत. आधी एक ओतलेलं असतं, डाग निघत नाही म्हणून त्यावरच दुसरं ओतलं जातं.

घरातलं कोणी रंगकाम, सुतारकाम, कीटकनाशक फवारणी, वेल्डिंग किंवा पिठाच्या गिरणीसारख्या ठिकाणी काम करत असेल तर कामाचे कपडे आणि बूट घरात येऊ देऊ नका. अंघोळ, मग बाळ. ते कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

ओल आणि बुरशी

बुरशी पुसण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तोच डाग उगवतो. गळती, वरच्या मजल्यावरून झिरपणं आणि थंड भिंतीवर साचणारं दव, ही तीन नेहमीची कारणं. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत खडखडीत वाळवली तर बुरशी सहसा धरत नाही. एक स्वस्तातला आर्द्रतामापक आणा आणि बाळाच्या खोलीतली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा. ती सतत ६० च्या वर राहिली की बुरशीला आमंत्रणच.

डाग एक चौरस मीटरहून लहान असेल तर घरी काढता येतो. गरोदर स्त्री आणि मुलं बाहेर, खोलीचं दार बंद, तोंडाला एन-९५ मास्क, हातमोजे, चष्मा. कोरड्या ब्रशने घासायचं नाही, त्याने बीजाणू खोलीभर उडतात. डिटर्जंटच्या पाण्याने ओलं करून पुसायचं, फडकं टाकून द्यायचं आणि भिंत पंखा लावून वाळवायची. गादी, फोम, जिप्सम बोर्ड असं आतपर्यंत शोषणारं काही असेल तर ते फेकायचं. वरून पुसलं तरी मुळं आत राहतात. बुरशीवर थेट रंग मारणं हा पैसा फुकट घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे, काही आठवड्यांत पोपडे निघतात. डाग मोठा असेल किंवा सांडपाण्याने ओल आली असेल तर जाणकाराला बोलवा.

बाळाला सर्दी झाली की खोलीत दमटपणा करणारं यंत्र लावलं जातं, तेही बुरशीच वाढवतं. शिवाय अल्ट्रासॉनिक प्रकारच्या यंत्रात नळाचं पाणी घातलं तर पाण्यातले क्षार बारीक धूळ होऊन हवेत येतात. फर्निचरवर पांढरी भुकटी दिसली तर ती तीच, आणि बाळ ती श्वासातून घेत असतं.

बाहेरची हवा आणि गाळणी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची, मर्यादा वर्षाच्या सरासरीसाठी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅम आणि २४ तासांसाठी १५ अशी खाली आणली. जगातली बहुतेक शहरं त्यात बसत नाहीत, म्हणून हताश व्हायचं कारण नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात वेगवेगळ्या काळातल्या मुलांच्या तीन गटांचा मागोवा घेतलेल्या अभ्यासात हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड आणि पीएम २.५ जसे उतरले तसं नव्याने दमा होणाऱ्या मुलांचं प्रमाणही उतरलेलं दिसलं. मर्यादेपर्यंत पोचलो नाही तरी कमी झालेलं उपयोगी पडतं.

मोठ्या रस्त्याच्या वाहनांचा धूर पहिल्या दीड-दोनशे मीटरांतच झपाट्याने विरळ होतो. त्यामुळे फिरायला नेताना एक गल्ली आतून जा. बाबागाडीतल्या बाळाचं नाक गाड्यांच्या धुराड्यांच्या उंचीला येतं, सिग्नलला थांबताना गाड्यांच्या मागे उभं राहू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क लावायचा नाही, गुदमरण्याचा धोका असतो आणि तो नीट बसतही नाही.

आता प्युरिफायर. घ्यायचाच असेल तर जाहिरातीतला "इतक्या चौरस फुटांसाठी" हा आकडा सोडा आणि स्वतः हिशोब करा. खोली ३.५ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २.८ मीटर उंच असेल तर घनफळ २९.४ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळली जावी म्हटलं तर १४७ घनमीटर प्रतितास शुद्ध हवा देणारं यंत्र हवं. पण छापलेला आकडा पंख्याच्या सर्वात जास्त वेगाचा असतो, आणि तो आवाज सहन न झाल्याने रात्री सगळे यंत्र हळू करतात. म्हणून सुमारे ३०० चं घ्या आणि मध्यम वेगावर चालवा. गाळणी हेपा, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या प्रकारची, असावी. ओझोन किंवा आयन सोडणारं यंत्र नको, ओझोन स्वतःच श्वासनलिकांना त्रास देतो. यंत्र भिंतीपासून फूटभर दूर, पडद्यामागे नाही, दार बंद. आणि हे कायम लक्षात असू द्या की हेपा कण अडवते, वायू नाही: सिगारेटचा वास, रंगाचा वास, गॅसचा नायट्रोजन डायऑक्साइड तिच्यातून तसाच पार होतो. बाहेरची हवा बरी असेल त्या वेळी खिडकी उघडणं कुठल्याही यंत्राहून चांगलं.

ज्याची फार चिंता करू नये

गादीला धूलिकीटक-रोधक खोळ, आठवड्याला ६० अंशांवर चादरी धुणं, हे ॲलर्जी सिद्ध झालेल्या मुलाला उपयोगी पडू शकतं. पण निरोगी बाळाला दमा होऊ नये म्हणून फक्त एवढंच केलं तर फारसा फायदा दिसलेला नाही. घरात आधीपासून असलेलं कुत्रं किंवा मांजर केवळ दम्याच्या भीतीने काढून टाकायची गरज नाही.

आणि जंतूंचा नायनाट हे ध्येय नाहीच. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. आनुवंशिकदृष्ट्या जवळचे असूनही, जनावरांच्या गोठ्याशी रोजचा संबंध असलेल्या अमिश मुलांत दम्याचं प्रमाण ५.२ टक्के होतं आणि यांत्रिक शेती करणाऱ्या हटराइट मुलांत २१.३ टक्के. मातीत खेळणारं बाळ दम्याच्या दृष्टीने घाणीत नसतं. फिनाइलच्या वासात रांगणारं बाळ मात्र असतं.

ताप आलेल्या बाळाला पॅरासिटामॉल द्यायला किंवा खरोखर लागणारं अँटिबायोटिक द्यायला दम्याच्या भीतीने घाबरू नका. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका, इतकंच.

काय ऐकायचं, काय मोजायचं

"छातीत घरघर आहे" असं आई-बाप सांगतात तेव्हा निम्म्या वेळा ती नाकातली किंवा घशातली असते. फरक असा ओळखता येतो. घशातला आवाज घुर्र-घुर्र, ओला असतो, नाकात सलाइनचे थेंब घातले किंवा बाळ खोकलं की बदलतो. दम्याचा आवाज बारीक शिट्टीसारखा, श्वास सोडताना येतो, आणि नाक साफ केल्याने जात नाही. बाळाचा अंगरखा वर करून छाती आणि पोट दिसेल असा मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत आवाज बऱ्याचदा गेलेला असतो आणि मग वर्णनावरच भागवावं लागतं.

श्वास मोजायचा तर बाळ झोपलेलं किंवा शांत असावं, रडताना आणि दूध पिताना मोजलेला आकडा धरायचा नाही. पोटाकडे पाहून पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान बाळाचा श्वास मध्येच थांबल्यासारखा होतो, मध्येच जलद होतो, त्यामुळे गुणाकार चुकतो. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, हे जलद श्वास. फासळ्यांखाली खड्डा पडणं, नाकपुड्या फुलणं, दूध ओढता न येणं, ओठ निळसर होणं, यातलं काही दिसलं तर मोजत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.

सर्दीत एकदा-दोनदा छाती वाजलेली बहुतेक बाळं शाळेत जाईपर्यंत बरी होतात. पहिल्या तीन वर्षांत एका वर्षात तीन किंवा जास्त वेळा वाजली, आणि जोडीला आई-वडिलांपैकी एकाला दमा किंवा बाळाला एक्झिमा असेल, तर दम्याची शक्यता वाढते. सर्दी नसतानाही वाजत असेल किंवा हसल्या-रडल्यावर, रात्री खोकला येत असेल तर तेही सांगा.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टींची तारीखवार नोंद न्या: कधी वाजलं, त्याच्या आदल्या दोन दिवसांत सर्दी होती का, आणि त्या दिवसांत घरात काय जळलं, काय फवारलं किंवा रंगवलं गेलं. इनहेलर सुरू झाला असेल तर प्युरिफायर आणला म्हणून तो बंद करू नका. आणि घरात कोणी सिगारेट ओढतं का, असा प्रश्न आला की खरं उत्तर द्या. धूर चालूच असेल तर औषधाचं प्रमाण वाढवूनही खोकला आटोक्यात येत नाही, आणि मग दोष औषधातच शोधला जातो.